इंजिनाला कान लावणारे धुडकूनाना

पहूरचे मोटर मेकॅनिक धुडकूनाना यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला? गेल्या वर्षी आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता. कुठे झाला? त्यांच्याच गॅरेजच्या दारात, चहाची टपरी आणि रिक्षास्टॅंड यांच्या देखत, भोंग्यावरून. अन्याय करणाऱ्याचं नाव छापायचं, ही आमच्या पत्रकांची पद्धत आहे आणि ती मी आज मोडणार नाही. अन्याय मी केला. पत्रकाचा मजकूर माझा, भोंग्यावरचा आवाजही माझाच.

जळगावात आमची ग्राहकांची एक लहानशी संघटना आहे. वजनकाट्यात खोट, बियाण्यात भेसळ, क्लासवाल्यांची खोटी जाहिरात, असलं काही सापडलं की आम्ही पत्रक काढतो. लिहायचं काम माझ्याकडे. मी भडगावची. बोलायला तिखट आणि लिहायला त्याहून तिखट, असं आमचेच लोक म्हणतात आणि मला ते आवडायचं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी एक तरुण आमच्या खोलीवर आला. त्याला इथे भूषण म्हणू. हे त्याचं खरं नाव नाही, का ते पुढे कळेल. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन टेबलावर ठेवला. पिस्टनची वरची कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. भूषण म्हणाला, "टर्बो गाडी आहे ताई. ट्यून केलेली. पंधरा दिवसांपूर्वी पहूरला एका म्हाताऱ्याला दाखवली. त्यानं इंजिनचा एक बोल्ट काढला, तिथं तांब्याची नळी बसवली, तिला शेतातली ठिबकची पाइप जोडली, ती कानाला लावली आणि डोळे मिटून बसला. दुसऱ्या दिवशी घाटात माझं इंजिन गेलं. आता बोला!"

मी बोलले. म्हाताऱ्याला विचारलं का? नाही. पहूरला गेले का? गेले, पण छापून झाल्यावर. पत्रकाचा मथळा होता: 'इंजिनाला नळी, ग्राहकाच्या गळ्याला फास!' खाली गॅरेजचा पत्ता.

आता त्या सव्वाअकराचं सांगते. मी भोंग्यावरून वाचत होते. आतून एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. सत्तरीच्या आसपासचा, पायात काही नाही, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. त्यानं एक बोळा काढला, मान तिरपी केली आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या येतील. मी तयारीतच होते. तो जवळ आला आणि म्हणाला, "ताई, जरा थांब. तुना भोंगाना आतला स्क्रू ढिला शे. तू 'फसवणूक' म्हनस तव्हयच खरखर येस."

खिशातून लहान स्क्रूड्रायव्हर काढून त्यानं भोंग्याची मागची टोपी पिळली, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि भोंगा माझ्या हातात परत दिला.

"आते बोल. आते बठ्ठा गावले ऐकू येई."

टपरीवरची माणसं हसली. कोणाला हसली हे मला त्या दिवशी नीट कळलं नाही. मी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. आवाज खरंच स्वच्छ येत होता.

ज्याच्या विरुद्ध भोंगा लागलाय तो माणूस भोंगा दुरुस्त का करतो? हा प्रश्न मला आठ दिवस चावत राहिला. संघटनेत मी कारण दिलं की समोरच्याचा लेखी खुलासा फायलीला हवा. खरं कारण हा प्रश्नच होता. मी एकटीच पहूरची बस धरली.

"खुलासा लिखी देसू," नाना म्हणाले, "पन पहिले ऐकी ले. मी काय करस ते नई ऐकं, ते लिखीसन काय उपेग?"

ते मूळचे दोंडाईचाचे. चार भावंडं जन्मून गेली, हा तरी टिकावा म्हणून आईनं चिंधीवरून धुडकू नाव ठेवलं. पहूरला येऊन त्यांना अर्धं आयुष्य झालं, पण बोली दोंडाईचाचीच राहिली. पहूरची बोली निराळी, त्यामुळे पोरंसोरं त्यांच्या 'शे'ची नक्कल करायची. नाना त्यांनाही दुरुस्त करायचे, "असं नई, शेऽऽ. लांब सोडानं."

कानांतल्या कापसाचं मी पहिल्याच दिवशी विचारलं. नाना डीजेच्या वरातीत जात नाहीत. लग्नाला गेले तर मांडवाच्या अगदी टोकाला, कापूस घालून बसतात. जवळच्या नातलगांनी त्यांना घमंडी ठरवलं आहे. त्यांची बाजू एवढीच की सोनार डोळे जपतो, तसं मी कान जपतो. सुमनअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यावर म्हणाल्या, "कान जपतस ते कोनासाठे? मी हाका मारी मारी थकी जास, यास्ले ऐकू येत नई. अन् रस्तावर गाडी खोकलनी का ताटवरथून उठतस!"

"तुना आवाज चांगला शे. त्यामा बिघाड नई. मंग काय ऐकानं?" नाना म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

गॅरेजात आलेल्या माणसाला ते आधी बॉनेट उघडू देत नसत. समोर उभं करून सांगत, "गाडी काय बोलस ते तू बोली दखाड." मोठमोठी माणसं तिथं उभी राहून तोंडानं आवाज काढत. माझ्यासमोर एका तलाठीसाहेबांनी काढला. आधी लाजले, मग 'टक्, टक्, टकटक' असं सुरू केलं. नाना विचारत राहिले. चढावर येतो का सपाटीवर? गार इंजिनाला का तापल्यावर? पाय दाबल्यावर का सोडल्यावर? वळणावर? तलाठी म्हणाले, "हो हो, वळणावर जास्त." नाना उठले, मागचं दार उघडलं, सीटखाली हात घातला आणि झाकण निसटलेला जेवणाचा डबा काढला.

"इंजिन बेस शे साहेब. भाजी सांडनी तेवढी."

हे ऐकायला गंमत वाटते. त्यामागे पद्धत काय आहे, ते मला पुढच्या तीन-चार फेऱ्यांत समजलं. इंजिनाच्या प्रत्येक आवाजाला नानांकडे वेगळं नाव आहे. पत्रा ढिला असेल तर खडखड. पेट्रोल फवारणाऱ्या सुया चालतात त्यांची टिकटिक, ती निरोगी. सायलेन्सरची झडप गुणगुणते. आणि ज्याला शहरातले 'नॉक' म्हणतात, त्या आवाजाला नानांचा शब्द 'लाह्या'. तापल्या कढईत ज्वारी टाकून वर झाकण ठेवलं की येतो तसा आवाज. बाकी कुठल्याही आवाजासाठी नाना चहा पिऊन उठतात. लाह्या ऐकल्या की कप तसाच ठेवतात.

मी विचारलं, लाह्या फुटतात म्हणजे आत नेमकं काय होतं? आखाजी होऊन गेली होती. समोरच्या निंबाला पोरींचा झोका अजून बांधलेला होता. नानांनी तो दाखवला.

"झोका मांगे येस, पुरा येस, थांबस. मंग धक्का देवाना. तो येत शे तव्हयच हात लावा, ते मनगट मोडस. पिस्टन म्हंजे झोका."

पिस्टन वर येतो, ठिणगी पडते, हवा आणि पेट्रोल पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. हे वेळेवर झालं तर गाडी पळते. आतली हवा फार तापलेली असली, किंवा ठिणगी फार लवकर पाडली, तर ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं आणि धातूवर घण बसतो. तीच लाही. टर्बो म्हणजे हवा दाबून भरायची, जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबतात तशी. दाबली की हवा तापते, सायकलच्या पंपाचं बुड तापतं ना, तशी. म्हणून ती इंजिनात जायच्या आधी गार करायला गाडीच्या नाकाशी एक जाळी असते, समोरच्या वाऱ्यावर ती हवेला थंड करते. आणि ट्यून म्हणजे काय? कोणीतरी लॅपटॉप लावून गाडीच्या मेंदूत नवी फाइल टाकतो: जास्त दाब, लवकर ठिणगी, जास्त ताकद. ती फाइल कुठल्या हवेत बनवली आणि गाडी कुठल्या हवेत पळणार, हे कोण विचारतं? आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दाराची कडी धरवत नाही.

नानांचं ते कुप्रसिद्ध यंत्र मी शेवटी हातात घेतलं. तांब्याची वीतभर नळी, एक टोक ठोकून चपटं केलेलं, त्याला भोक. इंजिनाच्या अंगावर कारखान्यातूनच एक रिकामा बोल्ट येतो, कसलाही भार नसलेला. त्याच्याखाली ते चपटं टोक आवळायचं. दुसऱ्या टोकाला केळीच्या बागेतली ठिबकची नळी, तिला दोन फाटे, आणि जिनिंगमधले कामगार कानांवर लावतात त्या जाड टोप्यांत ते फाटे खोचलेले. बस. मी बोल्ट स्वतः काढून पाहिला, पुन्हा लावला. पत्रकात मी लिहिलं होतं, 'इंजिनाचा बोल्ट काढून ग्राहकाचं नुकसान'. खोटं होतं ते. इतकं सरळ खोटं की मला तिथं बसवेना.

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू बोली राहिनी व्हती. दोन आवाज एकदम चालू रहिनात, का एक बी समजत नई."

भूषणला काय सांगितलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. गाडी जोरात लाह्या फोडत होती. दुपारची वेळ, इंजिन तापलेलं, पोरगा घाईत. नानांनी त्याला चिठ्ठी लिहून दिली होती: घाटात दाबू नको, सकाळी गार इंजिनावर परत ये, नाकाची जाळी उघडून पाहायची आहे. तो आला नाही. मित्रांना घेऊन अजिंठ्याच्या घाटात गेला.

मी विश्वास ठेवला का? अर्धा. पत्रकवाल्यांना कागद लागतो.

मधल्या काळात माझ्या पत्रकानं काम चोख केलं होतं. त्याचा फोटो पहूर, जामनेर, जळगाव, पार धुळ्यापर्यंत फोनाफोनांतून फिरत होता. गॅरेजसमोर पूर्वी गाड्यांची रांग असायची. मी जायचे तेव्हा तलाठीसाहेबांसारखं एखादं जुनं गिऱ्हाईक, नाहीतर एखादा ट्रॅक्टर दिसायचा, तोही ओळखीचा. लोक नानांना नमस्कार करत आणि गाडी पुढच्या गॅरेजला नेत. अक्का एकदा मला म्हणाल्या, "पोरी, तुनी लिखावट चांगली शे." टोमणा होता का? मी चेहऱ्याकडे पाहिलं. कळलं नाही.

जूनच्या सुरुवातीला भूषणची गाडी शहरातून नवं इंजिन बसवून आली. आठवड्याच्या आत त्याचा मला फोन, "ताई, परत तोच आवाज येतोय." मी म्हटलं, पहूरला आण. तो म्हणाला, मरेन पण त्या म्हाताऱ्याकडे जाणार नाही. मी फोन त्याच्या वडिलांना द्यायला सांगितला. जळगावाजवळ त्यांच्या केळीच्या बागा आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी येतो. त्याले बी आनतो."

आले दोघं. भूषण गाडीतून उतरेचना. नानांनी त्याला विचारलं, "गाडी काय बोलस ते बोली दखाड." तो खिडकीतून म्हणाला, "तुमाले ऐकू येतं ना सारं? मग तुमीच ऐका."

"बरोबर शे," नाना म्हणाले आणि अनवाणी आत जाऊन बसले. गाडीत बसताना ते कधी चप्पल घालत नाहीत. तळपायांनी ऐकतात म्हणतात.

त्यांची एक शपथ आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन गोष्टी एकदम बदल्यात, मंग फरक कसाना पडना ते देव बी सांगाव नई." त्या दिवशी मी ती शपथ घड्याळ लावून पाहिली. गाडी भूषण चालवत होता, शेजारी टोप्या चढवलेले नाना, मागे आबा आणि मी. फर्दापूरच्या पुढे, घाट सुरू होतो तिथं, तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगावरून पाय पूर्ण दाबायचा. पहिल्या खेपेला नानांनी बोट वर केलं. "आते." मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी एक टोपी माझ्या कानाला लावली. पुन्हा तोच चढ. इंजिनाच्या घोंघाटामागे, अगदी आत, कोणीतरी कढईत मूठभर ज्वारी टाकली.

टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. तोच चढ. लाह्या तशाच. म्हणजे पेट्रोल निर्दोष सुटलं.

मग नानांनी भूषणला ट्यूनवाल्यानं दिलेला, फाइल बदलायचा छोटा डबा काढायला लावला आणि गाडीची मूळची फाइल परत टाकायला सांगितली. नाना संगणकाचा राग करत नाहीत, त्यांच्या फोनवर गाडीचे आकडे दिसतात. गाडीलाही स्वतःचा एक कान असतो, इंजिनावर बसवलेला. लाही ऐकली की मेंदू ठिणगीची वेळ मागे ओढतो. मूळ फाइल चालू असताना नानांनी त्या कानाशेजारी पान्यानं टकटक केलं. फोनवरचा आकडा मागे सरकला. गाडीनं ऐकलं. मग ट्यूनवाली फाइल टाकली, पुन्हा टकटक केलं. आकडा जागचा हलला नाही. अजून जोरात ठोकलं. ढिम्म.

"ताकद कमी व्हवाले नको म्हनीसन त्यानं गाडीना कानमा बोळा घाली दिना," नाना भूषणला म्हणाले. स्वतःच्या कानातल्या कापसाला हात लावून पुढे म्हणाले, "मी बी घालस. पन गाडी चालाडतांना काढस."

भूषण पहिल्यांदा गाडीतून खाली उतरला.

पण शोध संपला नव्हता. मूळ फाइलवरही चढाला एखाददुसरी लाही फुटतच होती. भूषण म्हणाला, सापडलं ना आता, बस करा. नाना मान हलवत फोनकडे बघत राहिले. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान चढत होतं आणि गाडी धावायला लागली तरी उतरत नव्हतं.

"धावती गाडीले वारा लागस. मंग हवा थंडी काबर व्हत नई?"

पुढची जाळी उघडली. आत, हवा गार करणाऱ्या जाळीच्या तोंडावर, सुतळीनं घट्ट बांधलेली एक जाड पट्टी होती. वाळलेली, धूळ आणि पाण्याचे क्षार बसून पापडासारखी कडक. खान्देशातलं कोणीही ती ओळखेल. घरच्या कूलरला लावतो ते गवत.

मग आबा बोलले.

"म्या बांधलं ते." ते भूषणकडे न बघता बोलत होते. "मागल्या टायमाले बी म्याच बांधलं होतं. शहरवाल्यायनं काढून फेकलं असंल. कोनी बोललं नाही, म्हनून नवं आनून बांधलं. पोऱ्या म्हने गाडी तापते. घरच्या कूलरले लावतो ना, वारा थंडा येतो. रोज सकाळी पानी मारतो त्याच्यावर."

भूषण तोंड उघडून वडिलांकडे बघत राहिला. मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नानांनी ती पट्टी हातात घेतली, वाकवून पाहिली आणि आबांना सांगितलं, "आबा, तुमना इचार चुकना नई. कूलरमा पंप पानी सोडत रहास, म्हनीसन वारा थंडा. अठे पानी सुकनं का मंग ते गवत नई, भिंत शे."

पट्टी काढली, मूळ फाइल ठेवली, तोच चढ पुन्हा चढलो. नानांनी टोपी माझ्या कानाला लावली. नुसतं इंजिन. परतताना पाणी काढायला भूषणनं समोरचा कप्पा उघडला, तर चलनाच्या कागदांखालून कॅलेंडरचं एक घडी घातलेलं पान निघालं. नाना रोजचं फाडलेलं पान टाकून देत नाहीत, चिठ्ठ्यांना वापरतात. घाटातल्या प्रकाराच्या आदल्या दिवसाची तारीख छापलेली, आणि मागे त्यांचं मोठं, तुटक अक्षर: घाटात दाबू नको. सकाळी ये. नाकाची जाळी उघडणे.

मला माझा कागद मिळाला.

त्याच संध्याकाळी नवं पत्रक लिहायला मी बसले. धार लावून बसले. कानात बोळा घालणारा ट्यूनवाला, चिठ्ठी दडवणारा मुलगा, गवत बांधणारा बाप, गवत काढून गप्प बसणारं शहरातलं वर्कशॉप, सगळ्यांना ओळीनं उभं करणार होते. छापायच्या आधी वाचून दाखवायला नानांकडे गेले. एवढं तरी शिकले होते.

"आबानं नाव छापानं नई. पोऱ्यानं बी नई," नाना म्हणाले.

"का? तुमचं छापलं होतं ना?"

"मनं छापं, म्हनीसनच सांगस. आबा मायानं चुकना. त्याले भोंगावर घेवानं नई."

मी वाद घातला. एवढा वाद मी कलेक्टर कचेरीतही घातलेला नाही. अक्का मध्ये येऊन म्हणाल्या, "पोरी, सोडी दे. हाई खडखड बंद व्हवाव नई." मग नावं काढली. उरलेल्या पत्रकात सांगितलं की धुडकूनाना निर्दोष आहेत, त्यांनी आधीच सावध केलं होतं, आमची चूक झाली. तेच मी पहूरच्या त्याच जागी भोंग्यावरून वाचलं. टपरीवाल्यांनी चहा दिला. फोटो काढून कोणीच पुढे पाठवला नाही. आरोपाला पाय असतात, खुलासा फायलीत बसून राहतो, हे मी आमच्या संघटनेच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता शेवटचं.

गेल्या महिन्यात मी पहूरला गेले होते. दुपारचे बारा वाजले असतील. गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आत नाना आणि एक फवारणीचा पंप, दुसरं काही नाही. एक पांढरी गाडी येऊन थांबली, परजिल्ह्यातली, बहुतेक लेणी पाहायला निघालेलं कुटुंब. ती थांबायच्या आधीच नानांनी हातातला कप खाली ठेवला होता. नवरा उतरला, पाटी वाचली आणि दोन पावलं पुढे आला. आतून बायकोनं हाक मारली, "अहो, थांबा. हे तेच आहेत. हे बघा, माझ्या ताईनं पाठवलं होतं." तिनं फोन खिडकीतून बाहेर धरला. रस्त्याच्या पलीकडून मला मथळा वाचता आला नाही, पण रंग ओळखला. पिवळा कागद आम्हीच वापरतो.

मी धावले. हात हलवले. "अहो, ते चुकीचं आहे, मीच लिहिलंय ते!" त्यानं माझ्याकडे भर रस्त्यात ओरडणाऱ्या बाईकडे बघतात तसं बघितलं, आत बसून काच वर केली आणि गाडी वळवली, घाटाकडे.

नाना डांबराच्या कडेला अनवाणी येऊन उभे राहिले होते. दोन्ही कान मोकळे, मान तिरपी. गाडी दिसेनाशी झाली तरी ते ऐकत होते. हळूच, माझ्याशी नाही, त्या नवऱ्याशी बोलल्यासारखं म्हणाले, "दुसरा गिअर टाक रे भो. चढ लागाना पहिले दुसरा टाक."

त्या गाडीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिच्या मागच्या काचेला दोन लहान मुलं चिकटून बसली होती, एवढं दिसलं.

खान्देशातल्या वाचकांनो, पिवळ्या कागदाचा तो फोटो तुमच्यापैकी कित्येकांच्या फोनमध्ये आजही आहे. उघडा फोन. शोधा. ज्या ज्या माणसाला तो पाठवला, त्या प्रत्येकाला कळवा की तो खोटा आहे आणि पहूरचे धुडकूनाना निर्दोष आहेत. माझ्यासाठी करू नका, मला माफी मिळालेली नाही आणि मी मागतही नाही. पण पान उलटण्याआधी कळवा.